विलंबाचे खरे कारण प्रवाशाला लेखी द्या : दोन महासंचालनालयांस खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, नौवहन महासंचालनालय, कांजूरमार्ग, मुंबई

विषय : विमानाचा विलंब, रद्द झालेली उड्डाणे आणि क्रूझच्या मार्गात ऐनवेळी होणारे बदल यांचे खरे कारण प्रवाशाला लेखी व वेळेत मिळण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

टपाल खात्यात चौतीस वर्षे नोकरी करून मी २००९ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर माझ्या यजमानांसह, जमेल तितके आणि झेपेल तितके जग पाहिले. आजवर आम्ही अकरा क्रूझ केल्या आणि विमान प्रवास किती झाले याची नोंद माझ्या वह्यांत आहे. तो आकडा दोनशेच्या पुढे गेला आहे. प्रत्येक प्रवासाची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर झाला असल्यास सांगितले गेलेले कारण आणि ते कोणी सांगितले, हे लिहून ठेवायची सवय मला नोकरीने लावली. आमच्या खात्यात एक साधा दंडक होता. वस्तू हाती घेतली की पावती द्यायची, पोहोचवली की सही घ्यायची, आणि पोहोचवता आली नाही तर ती का पोहोचली नाही हे पाकिटावरच लिहून परत करायची. ‘घर बंद’, ‘पत्ता अपुरा’, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारल्याशिवाय साधे पाकीटसुद्धा परत जात नसे. हजारो रुपयांचे तिकीट काढून निघालेल्या माणसाला मात्र तो का पोहोचला नाही याचा एका ओळीचा शेरा आजही हक्काने मिळत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहीत आहे.

घडलेला प्रसंग आधी सांगते, कारण माझे म्हणणे त्यातूनच आले आहे.

मे २०२३ मध्ये आम्ही भूमध्य समुद्रातील सात रात्रींची क्रूझ घेतली होती. जहाज रोमच्या बंदरातून, म्हणजे शहरापासून सुमारे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर असलेल्या चिवितावेक्कियाहून, संध्याकाळी सहाला सुटणार होते. आमचे विमान मुंबईहून पहाटे साडेचारला निघून आखाती शहरात थांबा घेऊन दुपारी दीडच्या सुमारास रोमला पोहोचणार होते. आदल्या दिवशीच जाऊन राहायला हवे होते, हे मला आज कळते आणि जे कोणी पहिल्यांदा क्रूझला निघत असतील त्यांना मी तेच सांगते; परंतु वेळापत्रकाप्रमाणे आमच्या हातात साडेचार तास होते आणि ते पुरेसे वाटले. विमान साडेचारऐवजी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटले. या पावणेपाच तासांत आम्हाला तीन वेगवेगळी कारणे सांगण्यात आली. फलकावर ‘ऑपरेशनल’ असा एक शब्द होता. काउंटरवरच्या मुलीने सांगितले की येणारे विमानच उशिरा आले. विमानात बसल्यावर केबिन कर्मचाऱ्यांनी तांत्रिक दुरुस्तीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तीन तास उलटल्यावर उपमा आणि चहा मिळाला, आणि त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. नियमात होते ते त्यांनी दिले.

पुढचे विमान अर्थातच चुकले. रात्री नऊला आम्ही रोमला उतरलो तेव्हा जहाज समुद्रात जाऊन तीन तास झाले होते. जहाज कोणासाठी थांबत नाही आणि त्याने थांबूही नये, कारण बंदरातील जागेची वेळ ठरलेली असते आणि आत बसलेल्या हजारो माणसांचा पुढचा दिवस त्यावर अवलंबून असतो. सुदैवाने दुसऱ्या दिवशी जहाज नेपल्सला लागणार होते. जहाज कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर मी रात्री अकराला फोन केला, त्यांनी नेपल्सला चढायची परवानगी दिली, आणि रोमच्या मुख्य स्टेशनाजवळ एका लहानशा हॉटेलात रात्र काढून सकाळच्या जलद गाडीने आम्ही सव्वा तासात नेपल्स गाठले. यजमानांची तेव्हा नुकतीच गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. सामानाचे चार डाग घेऊन त्यांना जिने चढताना पाहणे मला फार जड गेले.

खरी दमछाक परत आल्यावर सुरू झाली. विमान कंपनी म्हणाली, क्रूझचे तिकीट वेगळे काढलेले आहे, त्याची जबाबदारी आमची नाही. क्रूझ कंपनी म्हणाली, आपण वेळेत बंदरावर आला नाहीत, त्याची जबाबदारी आमची नाही. प्रवास विमा घेतलेला होता; विमा कंपनीने विलंबाचे कारण नमूद असलेला विमान कंपनीचा दाखला मागितला, जो त्यांनी मागणे रास्तच होते. तो दाखला मिळवायला मला चार महिने आणि सतरा ईमेल लागले. शेवटी जो कागद आला त्यात ‘ऑपरेशनल रीझन्स’ एवढेच दोन शब्द होते. विम्याच्या पॉलिसीत ज्या कारणांसाठी भरपाई मिळते त्यांची यादी होती: हवामान, यांत्रिक बिघाड, संप. ‘ऑपरेशनल’ त्यात कुठेच नव्हते. दावा नामंजूर झाला. रक्कम मोठी नव्हती. पण सांगितलेल्या तीन कारणांपैकी ‘तांत्रिक दुरुस्ती’ हे एक कारण त्या कागदावर लिहिले गेले असते, तर तो दावा मंजूर झाला असता.

महोदय, खरे कारण कंपनीला माहीत नसते असे कोणी म्हणू शकणार नाही. जगभरच्या विमान कंपन्या उशीर झालेल्या उड्डाणासाठी दोन अंकी विलंब-संकेतांक नोंदवतात. विमानात बिघाड असल्यास ४१, सुटण्याच्या ठिकाणी हवामान प्रतिकूल असल्यास ७१, आधीच्या फेरीवरून विमान उशिरा आल्यास ९३, अशी ही पद्धत अनेक दशके चालत आली आहे. म्हणजे आमचे विमान धावपट्टीवर असतानाच कोणीतरी त्याच्या उशिराचे कारण संगणकात नोंदवून ठेवले होते. ते कारण कंपनीकडे आहे, कंपनीच्या अहवालांत आहे, फक्त ज्याचा दिवस वाया गेला त्या प्रवाशाच्या हाती ते नाही. मी मागते आहे त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आहे ती नोंद प्रवाशाला दाखवावी लागेल, इतकेच.

आपल्या देशातील नियम मी वाचले आहेत आणि त्यांतील चांगल्या गोष्टींची मला जाणीव आहे. प्रवाशाला विमानात जागा नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि विलंब यांविषयीचे महासंचालनालयाचे नियम २०१० पासून आहेत आणि २०१६ मध्ये भरपाईच्या रकमा वाढवण्यात आल्या. आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे पाच हजार, साडेसात हजार किंवा दहा हजार रुपयांपर्यंत भरपाई, जागा नाकारल्यास परिस्थितीनुसार वीस हजारांपर्यंत, सहा तासांहून अधिक उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, ठरावीक प्रसंगी हॉटेल, या तरतुदी प्रवाशाच्या बाजूच्या आहेत. परंतु भरपाईच्या तरतुदींना एक अपवाद जोडलेला आहे: कारण कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे असेल तर भरपाई देय नाही. हा अपवाद योग्यच आहे. दाट धुक्यात किंवा वादळात विमान उडवा असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मात्र भरपाई मिळणार की नाही हे ज्या एका गोष्टीवर ठरते, ती गोष्ट म्हणजे कारण, आणि ते सांगणे सर्वस्वी कंपनीच्या हाती असेल तर प्रवाशाचा हक्क कागदावरच राहतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासात तर कायद्याचा रोख आणखी स्पष्ट आहे. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराचा भारत २००९ पासून सदस्य आहे. त्या करारानुसार विलंबामुळे झालेल्या नुकसानीस विमान कंपनी जबाबदार असते, आणि नुकसान टाळण्यासाठी आपण सर्व रास्त उपाय केले होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवरच असतो. ज्याच्यावर सिद्ध करण्याचा भार आहे तोच कारण सांगत नाही, असे आज घडते आहे. युरोपीय संघातील विमानतळावरून सुटणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाला २००४ च्या त्यांच्या नियमावलीतील २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई, आणि २००९ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालापासून तीन तासांहून अधिक उशिरालाही तीच भरपाई. विमानातला सर्वसाधारण तांत्रिक बिघाड हे भरपाई टाळण्यासाठी ‘असाधारण कारण’ मानता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले. आमचे तेच विमान परतीच्या वाटेवर रोमहून निघताना तितकेच उशिरा सुटले असते आणि आम्ही मुंबईला तितकेच उशिरा पोहोचलो असतो, तर कारणाची चर्चा कंपनीला आमच्याशी करावी लागली असती. मुंबईहून निघताना ती करावी लागली नाही.

यावर कोणी म्हणेल की इतक्या उड्डाणांत प्रत्येकाला कागद देत बसायचे का. याचे उत्तर सामानाच्या पट्ट्यापाशी सापडते. २०१७ मध्ये परदेशातून परतताना आमची एक बॅग आली नाही. पट्ट्याजवळच्या काउंटरवर दहा मिनिटांत एक छापील अहवाल तयार झाला, त्यावर संदर्भ क्रमांक होता, बॅगेचा रंग आणि आकार होता, आमचा पत्ता होता आणि कर्मचाऱ्याची सही होती. बॅग एकोणिसाव्या दिवशी घरी आली. एकवीस दिवसांत आली नाही तर ती हरवली असे मानून दावा करता येतो, आणि उशिरा मिळालेल्या बॅगेबद्दल तक्रार ती हाती आल्यापासून एकवीस दिवसांत व मोडतोडीबद्दल सात दिवसांत लेखी करावी लागते, हे मात्र तिथे कोणी सांगितले नाही. तेही त्याच कागदाच्या पाठीमागे छापावे अशी माझी विनंती आहे. पण मुद्दा हा की कागद मिळाला, न मागता मिळाला आणि त्या क्षणी मिळाला. बॅग न पोहोचल्याची जी लेखी नोंद होते, ती माणूस न पोहोचल्याची का होऊ नये?

वेळेत आणि खरे सांगितले तर प्रवासी किती समजूतदारपणे वागतो हे मी स्वतः पाहिले आहे. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे आकाश बंद झाले तेव्हा आम्ही फ्रँकफर्टला पाच दिवस अडकलो. हजारो माणसे विमानतळावर घडीच्या खाटांवर झोपली होती. आमच्या विमान कंपनीच्या काउंटरवर एक प्रौढ बाई दर तीन तासांनी फळ्यावर खडूने लिहीत असत. बहुतेक वेळा मजकूर एकच असे: नवीन माहिती नाही, पुढची सूचना अमुक वाजता. आणि त्या अमुक वाजता त्या खरोखर येत. पाच दिवसांत त्या काउंटरवर मी एकदाही आवाज चढलेला ऐकला नाही. पुढे जुलै २०१९ मध्ये, मुंबईची मुख्य धावपट्टी पावसात घसरलेल्या विमानामुळे काही दिवस बंद होती त्या काळात, आमचे विमान हैदराबादकडे वळवले गेले आणि आम्ही चार तास बंद विमानात बसून होतो. त्या चार तासांत दोन घोषणा झाल्या, दोन्ही इंग्रजीत, आणि दोन्हींत ‘लवकरच’ असा शब्द होता. मागच्या रांगेतली एक गरोदर मुलगी रडू लागली आणि मग भांडण पेटले. फ्रँकफर्टला आमचा त्रास कितीतरी मोठा होता, तरी तिथे शांतता होती.

इथे वैमानिक आणि केबिन कर्मचारी यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण अशा प्रसंगी राग त्यांच्यावर निघतो. हैदराबादला आमच्या वैमानिकांची कामाची मर्यादा संपली होती आणि त्यांनी पुढे उड्डाण करायला नकार दिला. त्यांचा निर्णय बरोबर होता. थकलेल्या माणसाने दीड-दोनशे जीव घेऊन पावसात उतरू नये. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा घालणारे नवे नियम महासंचालनालयाने केले, ते आम्हा प्रवाशांच्याच भल्याचे आहेत. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, एकट्या ५ डिसेंबरला एक हजाराहून अधिक, तेव्हा लग्नाला निघालेली, परीक्षेला निघालेली, अस्थिविसर्जनाला निघालेली माणसे विमानतळावर जमिनीवर बसलेली सगळ्या देशाने पाहिली. वैमानिकांच्या विश्रांतीचे हे नवे नियम कधीपासून लागू होणार हे आधीच जाहीर झालेले होते, त्यामुळे हे संकट आभाळातून पडले नव्हते. तरीही असंख्य प्रवाशांना उड्डाण रद्द झाल्याचे विमानतळावर आल्यावर कळले. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले प्रवासी धुक्यामुळे मुंबईत अडकून विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले, तेव्हाही असेच चित्र होते. अमेरिकेत विमान अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुटणार हे कंपनीला कळल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तिने प्रवाशांना कळवावे, असा नियम आहे. आणि बंद विमानात प्रवाशांना देशांतर्गत उड्डाणात तीन तासांहून अधिक बसवून ठेवता येत नाही, असा नियमही २०१० पासून आहे. आपल्याकडे वेळेची अशी ठोस मर्यादा घातली आणि ती मोडल्यास दंड ठेवला, तर कंपन्यांच्या सवयी बदलतील असा माझा अनुभव सांगतो.

आता समुद्राकडे वळते. नौवहन महासंचालकांना माझे म्हणणे अधिक कळकळीने सांगायचे आहे, कारण विमान प्रवाशाला निदान नियमांचे पुस्तक आहे. क्रूझच्या प्रवाशाच्या हाती बहुतेक वेळा कंपनीच्या करारापलीकडे काही नसते.

माझे आजोळ रेवसजवळचे. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना आजी हात घट्ट धरून ठेवी आणि काशाचा खडक मागे पडेपर्यंत बोलत नसे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट त्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजीचा धाकटा दीर त्यांत होता. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. माणसे पाण्यात असताना कित्येक तास मुंबईला काही ठाऊक नव्हते. पोहत, फळ्यांना धरून किनाऱ्याला लागलेल्यांनी सांगितले तेव्हा कळले. आजी नेहमी म्हणे की तो बुडाला याचे दुःख आहेच, पण दुपारपर्यंत आम्ही त्याच्यासाठी जेवणाचे पान मांडून बसलो होतो. बातमी वेळेत न कळण्याचे दुःख वेगळे असते, हे मी तिच्याकडून शिकले.

आजची जहाजे ‘रामदास’सारखी नाहीत. तरीही १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटली, तेव्हा प्रवाशांना सुरुवातीला विजेचा बिघाड झाला आहे असेच सांगितले गेले. ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाहून, म्हणजे पुढे आम्ही जिथे जहाज चुकवले त्याच बंदरातून, चढलेल्या शेकडो प्रवाशांना लाइफबोटीकडे जाण्याचा सराव अजून दिलेलाच नव्हता, कारण चोवीस तासांत कधीही सराव घेतला तरी चालत असे. त्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. मुंबईहून सुटलेल्या एका क्रूझवर मी पाहिले की सरावाच्या वेळी निम्मी माणसे जेवणाच्या रांगेत होती, आणि सूचना इंग्रजीत व घाईघाईच्या हिंदीत झाल्या. माझ्या शेजारी सांगलीकडचे एक आजोबा लाइफ जॅकेट उलटे घालून उभे होते आणि त्यांना ते कोणी सांगितले नाही. शेवटी मी त्यांच्या पट्ट्या नीट बांधून दिल्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला जी धडक बसली आणि माणसे गेली, त्यानंतर तरी मुंबईच्या पाण्यात लाइफ जॅकेट ही चेष्टेची बाब राहता कामा नये. मुंबईहून सुटणाऱ्या प्रत्येक क्रूझवर हा सराव मराठीतही व्हावा, प्रवाशाने जॅकेट नीट घातले आहे हे कर्मचाऱ्याने पाहावे आणि हजेरी घेतल्याशिवाय जहाजाने धक्का सोडू नये.

त्याच सफरीत आम्ही लक्षद्वीपला जाणार होतो. मोठे जहाज तिथे धक्क्याला लागत नाही. ते दूर उभे राहते आणि लहान बोटी प्रवाशांना बेटावर नेतात. लाटा असतील तर लहान बोटीत माणसे उतरवणे धोक्याचे असते. सकाळी दहाला ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की आज उतरता येणार नाही. डेकवर एकच गलका झाला. कप्तानाचा निर्णय योग्यच होता आणि तो घेण्याचा त्याचा अधिकार मालकालाही रोखता येत नाही, अशी आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट तरतूद आहे. ती तशीच राहिली पाहिजे. मला खटकले ते वेगळेच. आमच्या केबिनची व्यवस्था पाहणारा मुलगा दापोलीकडचा होता. त्याने आदल्या रात्रीच, बिछाना घालताना, हळू आवाजात सांगितले होते, “काकू, उद्या उतरणं कठीण आहे, वर तसं बोलणं चाललंय.” जे त्याला रात्री नऊला कळले होते ते प्रवाशांना सकाळी दहाला सांगण्याचे कारण काय? पोरे पहाटेपासून पोहण्याचे कपडे घालून बसली होती. नाशिकचे एक कुटुंब तर केवळ त्या एका दिवसासाठी आले होते. न लागलेल्या बंदराचे शुल्क परत मिळते का, असे मी स्वागतकक्षात विचारले तेव्हा करार पाहा असे उत्तर मिळाले. तो करार एकेचाळीस पानांचा, बारीक अक्षरांत, केवळ इंग्रजीत होता, आणि वाद झाल्यास तो परदेशातील एका शहराच्या न्यायालयात मांडावा असे त्यात लिहिले होते. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, हे किती प्रवाशांना ठाऊक असेल?

२०१३ मध्ये एका मोठ्या जहाजाच्या इंजिनघराला आग लागून हजारो प्रवासी मेक्सिकोच्या आखातात दिवसच्या दिवस वीज आणि शौचालयांविना अडकले. त्या वर्षी जगातल्या क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद स्वीकारली. तीत यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाल्यास पूर्ण परतावा आणि मार्गातील बदलांची वेळोवेळी माहिती मिळण्याचा हक्क आहे. युरोपीय संघाच्या सागरी प्रवाशांविषयीच्या नियमात, जो डिसेंबर २०१२ पासून लागू आहे, जहाज सुटण्यास उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेनंतर तीस मिनिटांच्या आत प्रवाशांना कळवणे आवश्यक आहे, आणि हा भाग क्रूझलाही लागू होतो. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर झाले, त्यात २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी संसदेने १९५८ च्या जुन्या कायद्याच्या जागी नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. कोकणच्या बोटी बंद पडल्यावर ओस पडलेल्या या किनाऱ्यावर पुन्हा जहाजे येत आहेत याचा माझ्यासारखीला मनापासून आनंद आहे. जहाजे वाढवण्याआधी, किंवा निदान त्यांच्याबरोबरच, प्रवाशांसाठी दोन पानी सनद करावी, ती तिकिटाबरोबर मराठीत व हिंदीत द्यावी, आणि कोणतेही बंदर वगळल्यास निर्णय केव्हा झाला, का झाला आणि बंदर शुल्काचे काय होणार हे त्याच दिवशी केबिनमध्ये लेखी पोहोचवावे, एवढे बंधन तिकीट भारतात विकणाऱ्या प्रत्येक कंपनीवर घालावे, अशी माझी आपणास विनंती आहे.

दोन्ही महासंचालनालयांनी मिळून विचार करावा असा भाग म्हणजे विमानातून जहाजात जाणारा प्रवासी. सिंगापूर असो, दुबई असो वा बार्सिलोना, महाराष्ट्रातून क्रूझला जाणारी बहुतेक माणसे आधी विमानाने जातात. दोन तिकिटांच्या मधली पोकळी कोणाचीच नसते. एकच संस्था दोन्ही विकत असेल तर विमान चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंत प्रवाशाला पोहोचवण्याची जबाबदारी तिची ठरवावी. दोन्ही वेगळी विकली गेली असतील तर निदान तिकिटावर ठळक अक्षरांत लिहावे की जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी पोहोचणे हिताचे आहे, आणि सफरीत शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाऊन परत यायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा लागेल. ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परतणाऱ्या क्रूझवर एक वृद्ध जोडपे अथेन्सच्या बंदरात या एका अटीपायी मागे राहिलेले मी पाहिले आहे. त्यांच्या मुलाने अमेरिकेतून पैसे भरून त्यांना ही सफर भेट दिली होती.

नागरी विमान वाहतूक महासंचालकांकडे माझे मागणे नेमके सांगते. उड्डाणाला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास किंवा ते रद्द झाल्यास, ७२ तासांच्या आत प्रत्येक प्रवाशाच्या मोबाइलवर आणि ईमेलवर, त्याने न मागता, एक दाखला यावा. त्यात ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि विलंब-संकेतांक साध्या शब्दांत उलगडून लिहिलेला असावा. ‘ऑपरेशनल’ हा शब्द कारण म्हणून ग्राह्य धरू नये. नंतर कारण बदलले तर का बदलले हे लिहावे. हा दाखला विमा कंपन्यांनी आणि ग्राहक आयोगांनी पुरावा म्हणून स्वीकारावा यासाठी संबंधितांशी बोलावे. मुंबईसारख्या ज्या विमानतळांवर शांततेसाठी घोषणा कमी केल्या आहेत तिथे निदान विलंबाची आणि दार बदलल्याची घोषणा मराठीत अवश्य व्हावी. फलक वाचता न येणारी, मोबाइल नीट न हाताळता येणारी माणसेही आता विमानाने जातात आणि मी त्यांना दाराशी गोंधळून उभी असलेली नेहमी पाहते.

टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, म्हणून हे पत्र दोन्ही कार्यालयांना स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवीत आहे. सोबत मे २०२३ च्या प्रवासाच्या दाखल्याची प्रत आणि माझ्या वह्यांतील विलंबांच्या नोंदी जोडल्या आहेत. या पत्रावर काय कार्यवाही झाली, आणि काही मागणे मान्य करता येत नसेल तर ते कोणत्या कारणाने, हे मला लेखी कळवावे.

आपली,
एक निवृत्त टपाल कर्मचारी आणि प्रवासी
ठाणे